भीमा-सीनेच्या काठानं: सोलापूरच्या ग्रामीण भागाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंढरपूरला दर्शन, अक्कलकोटला प्रसाद, सोलापुरातून चादरी आणि शेंगा चटणी, आणि परत पुण्याच्या रस्त्याला. जिल्ह्यात येणारी बहुतेक मंडळी एवढंच पाहून जातात. जरा थांबायची इच्छा असलेले पाहुणे जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

देवस्थानं सोडून बघायला काय आहे?

कडे, धबधबे, गर्द रानं शोधत असाल तर ती इथे नाहीत. सुमारे १४,९०० चौरस किलोमीटरचा, ११ तालुक्यांचा हा जिल्हा म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाचं पठार आहे. बार्शीकडे बालाघाटच्या रांगांची टोकं येतात, बाकी सगळीकडे माळ, काळी रानं आणि मधून वाहणारी भीमा. सीना, माण, भोगावती, बोरी या नद्या वर्षातले बरेच महिने वाळूनंच ओळखायच्या.

इथलं जे काही मोलाचं आहे ते थोड्या पाण्यावर उभं राहिलेलं आहे. ज्वारी तशी, खिलार बैल तसा, कडक भाकरी तशी. इथल्या संतांच्या कथांतसुद्धा दुष्काळ आणि धान्याची कोठारं येतात. एवढ्याशा पावसावर माणसं शेकडो वर्षं कशी राहिली, हा प्रश्न मनात घेऊन आलात तर कुठल्याही गावात दिवस अपुरा पडेल.

यायचं कधी?

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. थंडी असते, रानात ज्वारी उभी असते, हुरडा चालू असतो. याच काळात वेळ अमावस्या येते आणि संक्रांतीला सोलापूर शहरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. उंच नंदीध्वज खांद्या-कमरेवर तोलत चालणारे मानकरी पाहायला खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात.

एप्रिल-मे टाळा. पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी गावातलं कुत्रंही सावली सोडत नाही.

पावसाळ्यातसुद्धा माळ उजाड का दिसतो?

सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगांतलं पाणी सरलेलं असतं. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही अडखळत. जून-जुलैत नुसता वारा सुटतो, ढग डोक्यावरून निघून जातात. खरा पाऊस येतो तो सप्टेंबरात, परतीचा. म्हणून हा जिल्हा खरिपाचा नाही, रब्बीचा. इतरत्र लोक मृगाची वाट बघतात, आमच्याकडची जुनी माणसं उत्तरा आणि हस्ताकडे डोळे लावतात. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण इथे शब्दशः खरी आहे.

पाऊस चुकला तर काय होतं, हे ऐकायचं असेल तर सत्तरीच्या पुढच्या माणसाजवळ बसा आणि १९७२ चं साल काढा. खडी फोडायला गेलेले हात, कामावर मिळालेली सुकडी, परदेशातून आलेली मिलो ज्वारी, दावणीची विकलेली जनावरं हे सगळं त्यांच्या बोलण्यात येईल. आज गावाच्या कडेला दिसणारे कितीतरी पाझर तलाव आणि रस्ते त्याच साली लोकांच्या घामातून झाले. त्याआधीची खूण बघायची तर मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव आहे. त्याची सुरुवात १८७६-७७ च्या दुष्काळातल्या कामातून झाली.

मंगळवेढ्याच्या ज्वारीचं एवढं कौतुक कशासाठी?

या उत्तराला जरा वेळ द्या, कारण ज्वारी समजली की निम्मा जिल्हा समजतो.

मंगळवेढ्याच्या शिवारात काळी माती खोल आहे. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि परतीच्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून खाली मुरतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात वापसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर झाली, की पेरणी होते. त्यानंतर पाऊस आला नाही तरी चालतो. जमिनीत साठलेल्या ओलीवर आणि थंडीवर ज्वारी वाढते, पोटरीत येते, निसवते म्हणजे कणीस बाहेर टाकते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. विहीर नाही, पाट नाही, मोटार नाही. पाऊस पडून गेल्यावर पीक घ्यायची ही रीत कुणा एका माणसानं शोधलेली नाही, या मातीनं ती माणसांकडून करून घेतली.

जात मालदांडी. स्थानिक मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ इतकी टिकली, की नवी वाणं आली तरी शेतकऱ्यानं तिला सोडलं नाही. कारण दोन. दाणा मोत्यासारखा टपोरा, आणि त्याची भाकरी पांढरी, मऊ, गोडसर होते. दुसरं कारण कडबा. शहरातला माणूस धान्याचा भाव विचारतो, शेतकरी कडब्याच्या पेंढीचाही विचारतो. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याच्यासाठी ज्वारी एकाच वेळी माणसाचं आणि बैलाचं पोट आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पूर्वी हे धान्य पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा घेऊन, आतून कडब्याचं अस्तर देऊन, ज्वारी भरून तोंड मातीनं बंद करत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा माणूस मारते, हे लहान पोरालाही ठाऊक असे. आता पेवं जवळजवळ बुजली. जुन्या वाड्याजवळ एखाद्या आजोबांना विचारलंत तर जागा दाखवतील.

हुरडा खायला कुठे मिळेल?

महामार्गाच्या आजूबाजूला हुरडा पार्ट्या होतात. पण ओळखीतल्या कुणाच्या रानात जाता आलं तर तेच करा. जमिनीत छोटी आगटी करतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसं खुपसतात, आणि भाजलेलं कणीस तळहातावर चोळून हिरवे दाणे ताटात पाडतात. हुरड्याच्या जाती वेगळ्या असतात. गूळभेंडी आणि सुरती ही नावं कानावर पडतील. सोबत शेंगा चटणी, गूळ, बोरं, दही. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नका असं सगळेच सांगतील, त्यांचं ऐका आणि ताक घ्या.

उजनीसारखं धरण असताना टँकर कसे लागतात?

माढा तालुक्यात भीमेवर बांधलेल्या उजनी धरणात १९८० पासून पाणी साठतं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा (सहज वापरता न येणारं तळाचं पाणी) आहे आणि उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी वजामध्ये गेली’ असं ऐकू येतं. धरण कोरडं पडलेलं नसतं, पातळी मृतसाठ्याच्या खाली उतरलेली असते. धरण भरतं तेही इथल्या पावसानं नाही. पुणे जिल्ह्यात पाऊस झाला, वरची धरणं भरून पाणी खाली सुटलं, की उजनीची टक्केवारी चढते. पावसाळ्यात आमच्याकडे रोज सकाळी ही टक्केवारी आधी विचारली जाते.

उजनीनं पंढरपूर, माढा, मोहोळ, करमाळ्याच्या पट्ट्यात ऊस आणला, साखर कारखाने आणले, पक्की घरं आणली. हे मोठं काम आहे. पण कालवा जिथे पोचला नाही तिथे, विशेषतः सांगोला आणि मंगळवेढ्याच्या दक्षिण भागात, माणसांनी वर्षानुवर्षं पाण्यासाठी आंदोलनं केली. एकाच तालुक्यात एका गावात बारमाही ऊस आणि दहा कोसांवर जनावरांसाठी चारा छावणी, असं चित्र दुष्काळी वर्षांत दिसलं आहे. माझं मत विचाराल तर एवढ्या कमी पावसाच्या जिल्ह्यात उसाखाली इतकी जमीन जाणं योग्य नाही. मात्र ज्याला उसाचा हमखास पैसा दिसतो त्याला ‘ज्वारी लाव’ म्हणायचं तर ज्वारीला तसा भाव द्यायला हवा.

आणि धरणाखाली गेलेली गावं विसरू नका. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत भागातल्या लोकांनी घरं, मळे, देवळं सोडली. पाणी फार उतरलं की जुन्या बांधकामांचे अवशेष वर येतात आणि तिथली म्हातारी माणसं आपलं घर कुठे होतं ते दाखवायला नातवंडांना घेऊन जातात.

मंगळवेढ्याला संतांची भूमी का म्हणतात?

पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे गाव एके काळी राजधानी होतं. कल्याणी गाठण्याआधी कलचुरींची सत्ता इथून चालत होती. बाराव्या शतकातला कलचुरी राजा बिज्जल याचं आणि महात्मा बसवेश्वरांचं नाव या गावाशी जोडलेलं आहे. तरी लोकांच्या तोंडी राजे नाहीत, तिघं संत आहेत.

दामाजीपंत बहामनी राजवटीतले अधिकारी. दुष्काळात माणसं मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठार उघडून धान्य वाटलं. बिदरच्या बादशहाचा कोप झाला, आणि विठू महाराच्या रूपात देवानं येऊन त्या धान्याची रक्कम भरली, अशी कथा आहे. ज्वारीच्या कोठाराच्या गावात ही कथा जन्मावी यात नवल नाही. उपाशी माणसापुढे कोठाराला कुलूप लावणं हे पाप, एवढा साधा न्याय ती सांगते.

कान्होपात्रा गणिकेची मुलगी. तिच्या रूपाची ख्याती ऐकून बादशहानं तिला बोलावणं धाडलं, आणि तिनं पंढरपुरी विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. पंढरपूरच्या देवळात तिच्या नावाचं तरटीचं झाड दाखवतात.

तिसरे चोखोबा. महार म्हणून ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, ते मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून मजुरांसोबत गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही ती देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीच्या समोर आहे. पुढे सहाशे वर्षांनी, १९४७ मध्ये, साने गुरुजींना त्याच देवळाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून उपोषण करावं लागलं. पंढरपूरला जाल तेव्हा आत जाण्याआधी चोखोबांच्या समाधीपाशी थांबा. बहुतेक लोक रांगेच्या घाईत तिथून पुढे निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

मंगळवेढ्यापासून जवळच माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि किल्ला आहे. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात इथेच, ब्रह्मपुरीला होती. घाट सुंदर आहे, संध्याकाळी जा.

हत्तरसंग कुडल कुठे आहे? जावं का?

जरूर जा. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही जुनी देवळं आहेत. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी आयुष्यभर या भागातले शिलालेख हुडकले, वाचले. त्यांच्या कष्टाशिवाय हा लेख दगडावरच्या रेघोट्या म्हणूनच राहिला असता.

हरिहरेश्वराच्या आवारात उत्खननात मिळालेलं बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. प्रत्येक चेहऱ्याची ठेवण निराळी. एवढं सगळं असून सुट्टीचा दिवस सोडला तर तिथे तुमच्याशिवाय चार माणसं असतील.

कोरीव काम आवडत असेल तर माळशिरस तालुक्यात वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळही बघा.

आषाढीला यावं का?

दर्शन हवं असेल तर त्या गर्दीची तयारी ठेवून या. वारी बघायची असेल तर पंढरपूरच्या आधी गाठा. ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीपाशी जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करते. तुकोबांची पालखी अकलूजकडून येते. रिंगणं याच टप्प्यात होतात: सदाशिवनगर, खुडूस, अकलूज, बाजीराव विहीर. माउलींचा अश्व रिंगणात सुटतो तेव्हा आपसूक अंगावर काटा येतो.

खेड्यांचा खरा मोठेपणा मुक्कामाच्या रात्री दिसतो. हजार-दोन हजार वस्तीचं गाव लाखांच्या घरातल्या माणसांना पिठलं-भाकरी पुरवतं. कित्येक दिवस आधीपासून गल्लोगल्ली पीठ दळलं जातं आणि कुणाच्या वाट्याला किती भाकरी ते ठरलेलं असतं.

कार्तिकी वारी तुलनेनं शांत असते, शिवाय तेव्हा वाखरीला जनावरांचा बाजार भरतो. माढा तालुक्यातल्या अरणचं वेगळेपण वेगळंच: सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, म्हणून त्यांच्या पुण्यतिथीला, आषाढ वद्य चतुर्दशीला, पंढरपूरहून देवाची पालखी अरणला येते.

नान्नजला माळढोक दिसेल का?

फार आशा धरून येऊ नका. १९७९ मध्ये माळढोक या माळरानावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, ते ८,४९६ चौरस किलोमीटर एवढं अफाट होतं. त्यात लोकांची खासगी शेतं, गावं, सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्ष्याबद्दल गावांत राग साचला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळरानं नांगरली गेली होती, विजेच्या तारा आल्या होत्या. माळढोक बहुधा एका हंगामात एकच अंडं देतो, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याला एवढा बदल पेलवत नाही. गेल्या काही वर्षांत त्याचं दर्शन अगदी दुर्मीळ झालं आहे.

तरी नान्नजला जा. काळविटांचे कळप हमखास दिसतात, नशीब असेल तर लांडगा आणि खोकडही. पावसाळ्यानंतर वाऱ्यावर लवणारं गवत बघितलंत की माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे हे पटेल. सरकारी नोंदीत आणि आपल्या बोलण्यातही माळाला पडीक म्हणण्याची सवय लागली, तिथूनच माळढोकाचं नुकसान सुरू झालं.

सांगोल्याकडे वेगळं काय?

हा माणदेशाचा भाग. पाऊस आणखी कमी, माती हलकी, मुरमाड. जिथे ज्वारीसुद्धा साथ देत नाही तिथे शेतकऱ्यांनी शेततळी खणली, ठिबक टाकलं आणि डाळिंब लावलं. सोलापूरच्या डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे, आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे. तेल्या आणि मर रोगांनी अनेक बागा गेल्या, लोकांनी पुन्हा लावल्या.

खिलार जनावरं बघायची तर सांगोल्याचा बाजार गाठा. पांढरा, लांब शिंगांचा, चपळ बैल. कमी चाऱ्यावर राहणारा. मेंढपाळ धनगरांची वस्तीही या पट्ट्यात मोठी आहे. दिवाळीत मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते. वेगवेगळ्या गावांहून आलेल्या देवांच्या पालख्यांची भेट होते, ढोल घुमतात, भंडाऱ्यानं सगळं शिवार पिवळं होतं, आणि पुढच्या वर्षाच्या पाऊसपाण्याची भाकणूक ऐकायला माणसं जिवाचा कान करून उभी असतात.

वेळ अमावस्या म्हणजे काय?

मार्गशीर्ष अमावस्येला अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची गावं रानात जातात. लातूर-धाराशिवकडेही हा सण आहे. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत पाच पांडव मांडून पूजा करतात, शिवारभर आंबील शिंपडतात. मग जेवण: ओल्या तुरी, पावटा, हरभरा, पालेभाज्या घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, गव्हाची खीर. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. नको म्हणू नका. ज्यांना स्वतःचं रान नाही त्यांनाही कुणाच्या तरी कोपीत जागा असते, आणि मला या सणाचं सगळ्यात मोठेपण त्यातच वाटतं.

तिकडे मराठी चालते की कानडी?

दोन्ही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कितीतरी घरांत कानडी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. सोलापूर शहरात विणकर पद्मशाली समाजाची तेलुगू आणि मोहल्ल्यांतली दखनी मिसळते. तुम्ही मराठीत बोला, काही अडणार नाही.

बार्शी, करमाळा, अक्कलकोटला किती वेळ ठेवावा?

‘बार्शी तिथं सरशी’ म्हणतात ते व्यापारामुळे. मराठवाड्याच्या तोंडाशी असलेली ही बाजारपेठ, त्यात १८९७ पासून कुर्डुवाडीहून आलेली अरुंद रुळांची बार्शी लाईट रेल्वे. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिनंच पंढरीला आल्या. आता रूळ रुंद झाले. गावात भगवंताचं देऊळ आहे, तेवढ्यासाठी अर्धा दिवस पुरे.

करमाळ्याला रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं कमलाभवानीचं देऊळ आणि पायऱ्यांची देखणी बारव आहे. अक्कलकोटला स्वामी समर्थ समाधीपर्यंत, म्हणजे १८७८ पर्यंत, वीसेक वर्षं राहिले. दर्शनानंतर भोसले संस्थानिकांचं शस्त्रागार बघायला विसरू नका.

जेवणात काय मागावं?

हॉटेलात पनीर मागू नका. ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, दही, वांग्याची भाजी, धपाटे. उखळात शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट कुटून तेल सुटेपर्यंत घोटलेली चटणी ती खरी. भुरभुरीत असेल ती मशीनवरची. पापडासारखी पातळ, वाळवलेली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. घरी न्यायला तीच घ्या.

गाडी, मुक्काम, आणि गावात वावरताना काय पाळावं?

रेल्वेनं सोलापूर किंवा कुर्डुवाडी गाठा. तालुक्याच्या गावांपर्यंत एसटी आहे, पण कुडल, माचणूर, नान्नजसाठी स्वतःचं वाहन हवं. मुक्काम सोलापूर किंवा पंढरपूरला करा. यात्रेच्या दिवसांत पंढरपूरला खोली आधीच ठरवा.

रानात शिरण्याआधी मालकाला हाक मारा. उभ्या ज्वारीत फोटोसाठी घुसू नका, एक ताट मोडलं तर धान्य आणि कडबा दोन्ही जातात. मेंढ्यांच्या कळपाजवळ गाडीचा भोंगा वाजवू नका. घरात बोलावलं आणि पुढे पाण्याचा तांब्या आला तर पिता येईल तेवढंच पेल्यात ओतून घ्या, उरलेलं अंगणात फेकू नका.